विंगची सामाईक बाटली

आमच्या विंगमध्ये कॅरम एक, इस्त्री एक आणि डोळ्यांत घालायच्या थेंबांची बाटलीही एकच! सबमिशनच्या रात्री डोळे लालबुंद झाले की "अरे, बाटली कुठंय?" अशी आरोळी ठोकायची, दोन थेंब टाकायचे, की पुन्हा ड्रॉइंग शीटवर. संपली की वर्गणी काढून नवी. मी हा उद्योग दीड वर्ष केला. गंमत म्हणजे थेंब थांबवले की डोळे आणखीच लाल... म्हणून पुन्हा थेंब!

शेवटी वाळू गेल्यासारखं खुपायला लागलं तेव्हा डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी डोळ्यांत रंग घालून निळ्या उजेडात पाहिलं. म्हणाले, "बुबुळावरचा थर जागोजागी सोलवटलाय."

लाली घालवणारं औषध रक्तवाहिन्या आवळतं. असर उतरला की त्या पुन्हा फुगतात. शिवाय उघड्या बाटलीत जंतू वाढू नयेत म्हणून बऱ्याच थेंबांत बेन्झाल्कोनियम क्लोराइड असतं. प्रमाण साधारण ०.०१ टक्के, पण जात डिटर्जंटची! जंतूंचं आवरण फोडतं, तसंच अश्रूंवरचा तेलकट थरही मोडतं आणि बुबुळाच्या पेशी दुखावतं. चार दिवसांत सहसा काही बिघडत नाही, वर्षानुवर्षं घातलं की बिघडू शकतं.

ही विद्या पाजळायला मी लगेच आजीला फोन केला. तिला काचबिंदू, रोज रात्री थेंब. "आजी, बंद कर ते." तिनं ऐकलं, नातू इंजिनिअर होणार ना! पुढच्या तपासणीत डोळ्यांचा दाब वाढलेला निघाला. काचबिंदूनं गेलेली नजर परत येत नाही, हे मला तेव्हा कळलं. त्या रात्री मला झोप लागली नाही. नशिबानं वेळेत लक्षात आलं. तिच्या डॉक्टरांनी थेंब पुन्हा सुरू केले, पण प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले. म्हणजे मार्ग होता, मी फक्त विचारायला हवं होतं.

माझं मत एवढंच: थेंब स्वतःच्या मनानं सुरू करू नयेत आणि डॉक्टरांनी दिलेले मनानं बंदही करू नयेत. डेटाशीट पाहिल्याशिवाय आपण साधा आयसी लावत नाही, मग डोळ्यांत जाणाऱ्या औषधाचं लेबल वाचायला काय हरकत आहे?

आणि हो, विंगची बाटली मीच फेकलीय. शोधू नका!