गादी कोणाच्या पाठीला?

डिंभे परिसरात पाऊस दांडगा. ओल्या जमिनीवर गादी टिकत नाही. म्हणून हप्त्याने गादी घेण्याआधी सपाट फळ्यांचा पलंग पाहावा. पॉकेट स्प्रिंगच्या गादीत प्रत्येक स्प्रिंग वेगळ्या कापडी पिशवीत असते. एकाने कूस बदलली तरी दुसऱ्याची झोप सहसा मोडत नाही. कुशीवर झोपणाऱ्यास ती थोडी मऊ हवी, उताण्यास मध्यम, पालथ्यास व वजनदार माणसास कडक. दुकानात दहा मिनिटे आडवे होऊन पाहावे.

अष्टशीलात ऐषारामी बिछाना वर्ज्य आहे, कष्टकऱ्याची विश्रांती नव्हे. परंतु पुरुषाला गादी आणि भातखाचरात दिवसभर वाकलेल्या आईला जमिनीवर गोधडी, ही घरातली विषमता आम्हाला मान्य नाही. बंधूंनो, आधी तिला आडवी होऊ द्या, मगच पैसे मोजा. जयभीम!