सोळा मीटरांचे वतन

जमीन हा शब्द मराठी माणसापाशी उच्चारला की त्याला दोनच गोष्टी आठवतात : बांध आणि भाऊबंदकी. अलीकडे या शब्दाला तिसराच अर्थ येऊन चिकटला आहे. संगणकाच्या पडद्यावरचा, सोळा मीटर लांब व सोळा मीटर रुंद असा एक चौकोन. त्यावर पाऊस पडत नाही, गवताची काडी उगवत नाही. तरी त्याला 'प्लॉट' म्हणतात. 'डिसेंट्रालँड' या मायानगरीत असे नव्वद हजारांवर चौकोन आहेत. नोव्हेंबर २०२१ मध्ये तिथला एक पट्टा सुमारे २४ लाख डॉलरांना गेला. 'सँडबॉक्स' नामक दुसऱ्या नगरीत स्नूप डॉग या गायकाचा शेजार मिळावा म्हणून कोणी साडेचार लाख डॉलर मोजले. ज्या शेजाराला भिंत नाही, वाटीभर साखर उसनी मागण्याची सोय नाही, त्याचा हा दर!

जो तिथे खेळतो, चित्रे मांडतो, त्याच्याशी माझे भांडण नाही. करमणुकीला पैसे पडतातच. माझे भांडण आहे ते या चौकोनाला 'गुंतवणूक' म्हणणाऱ्या शहाण्यांशी. त्यांचे पालुपद ठरलेले : जमीन मर्यादित असते, नवी निर्माण होत नाही. अहो, या नगरीतल्या चौकोनांची संख्या चालकांनी ठरवली म्हणून मर्यादित! शेजारच्या नगरीने १,६६,४६४ चौकोन आखलेच ना? तिसरी उद्या उघडेल, तिला कोणता डोंगर आडवा येणार आहे? आणि मोक्याच्या जागेचे म्हणाल, तर दादरच्या खोलीला भाव येतो तो विरारच्या माणसाचे रोजचे तीन तास गाडीत जातात म्हणून. भाव अंतराचा असतो, पायांचा असतो. डिसेंट्रालँडमध्ये दोन आकडे टाकले की माणूस हव्या त्या चौकोनावर हजर. जिथे लांब काही नाही, तिथे जवळ तरी काय असणार?

आमच्या एका स्नेह्यांनी निवृत्तीच्या पैशातून अशाच एका नगरीत असा चौकोन घेतला. मी कुरकुरलो तेव्हा त्यांनी मुंबईचा इतिहास माझ्या अंगावर घातला. "बॅक बेच्या समुद्रालाही लोक हसलेच होते. आज तिथे मरीन ड्राइव्ह आहे!"

दाखला उत्तम; फक्त तो त्यांच्याच विरुद्ध जातो. अमेरिकेतल्या यादवीमुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला, आणि तो पैसा समुद्र बुजवणाऱ्या कंपनीच्या भागांवर कोसळला. पाच हजारांचा भाग पन्नास हजारांवर गेला. १८६५ साली यादवी संपली, कापूस उतरला, आणि पेढ्यांमागून पेढ्या बुडाल्या. भागवाले धुळीला मिळाले, पण समुद्र जागेवर होता. त्याचा तळ होता, त्यावर टाकायला दगडमाती होती. म्हणून पुढच्या शतकात का होईना, तिथे रस्ता झाला. मायक्रोसॉफ्टने 'आल्टस्पेस' ही आपली मायानगरी मार्च २०२३ मध्ये बंद केली, तेव्हा भर घालण्यापुरता चिखलही मागे राहिला नाही.

डिसेंट्रालँडचे चलन 'माना'. ते २०२१ च्या नोव्हेंबरात जवळजवळ सहा डॉलरांना पोचले होते. पुढच्या वर्षअखेरीस अर्ध्या डॉलरच्याही खाली आले. आपल्या सरकारने तर अशा मालाला जमीन मानलेच नाही. एप्रिल २०२२ पासून 'आभासी डिजिटल मत्ता' म्हणून त्याच्या नफ्यावर तीस टक्के कर आहे, आणि तोटा झाला तर तो दुसऱ्या कोणत्याही उत्पन्नातून वजा करता येत नाही. नफ्यात सरकार भागीदार. तोट्याला धनी एकटा.

स्नेह्यांचा चौकोन गेली दोन वर्षे विक्रीला आहे. परवा त्यांना सहज विचारले, "तुमच्या जागेच्या शेजारी कोण आहे हो?"

ते म्हणाले, "कोणास ठाऊक. मी तिथे कधी गेलोच नाही."

"आणि घेणारा?"

"तो कशाला जाईल? तोही पुढे विकण्यासाठीच घेणार ना!"