पडून असलेले ट्रान्सपोर्ट लायसन्स : ठेवावे की सोडावे?

मालेगाव असो, भिवंडी असो की इचलकरंजी, यंत्रमागाच्या गावांत असे लोक पुष्कळ भेटतात ज्यांच्या खिशात ट्रान्सपोर्टचे लायसन्स आहे, पण हाती स्टीअरिंग नाही. कोणी मंदीत साचे बंद पडले म्हणून ट्रकवर गेला आणि बाजार सुधारल्यावर परत आला. कोणी वडिलांच्या सांगण्यावरून, हाती एक हुनर असावा म्हणून ते काढून ठेवले. मुदत संपत आली की या सगळ्यांपुढे एकच प्रश्न उभा राहतो : जे वापरात नाही ते पुन्हा नवे करून घ्यावे काय?

बहुतेक जण याचे उत्तर विचार न करता देतात. "दोनशे रुपयांचा तर प्रश्न आहे, असू द्या." माझ्या मते हे उत्तर अपुरे आहे. नूतनीकरणाची मूळ सरकारी फी 2016 च्या फेरबदलानंतर 200 रुपये झाली हे खरे. परंतु त्याबरोबर डॉक्टरचा दाखला येतो, आरटीओची फेरी येते, एजंट गाठला तर त्याचे पैसे येतात आणि धंद्याचा एक दिवस जातो. उलट ते रागाने किंवा आळसाने सोडून देणेही बरोबर नाही. निर्णय हिशेबाने व्हावा, आणि हिशेबासाठी कायदा काय म्हणतो ते आधी पाहिले पाहिजे.

लायसन्सच्या कार्डावर मुदतीच्या दोन तारखा असतात, एक खासगी वाहनांची आणि दुसरी ट्रान्सपोर्टची. ट्रान्सपोर्टची मुदत पूर्वी 3 वर्षांची होती. मोटार वाहन कायद्यातील 2019 च्या दुरुस्तीने ती 5 वर्षे झाली. ट्रान्सपोर्टची तारीख उलटली म्हणून खासगी लायसन्स बाद होत नाही. स्कूटर व कार आपण त्याच्या तारखेपर्यंत चालवू शकता. अनेक जण केवळ या भीतीपोटी ट्रान्सपोर्टचे नूतनीकरण करत राहतात. ती भीती निराधार आहे.

दुसरी गोष्ट आपल्या व्यापाऱ्यांसाठी फार महत्त्वाची आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या 5 न्यायाधीशांच्या घटनापीठाने 6 नोव्हेंबर 2024 रोजी निकाल दिला की, हलक्या मोटार वाहनाचे म्हणजे कारचे लायसन्स असलेला माणूस 7,500 किलोपर्यंत एकूण वजनाचे मालवाहू वाहन वेगळ्या ट्रान्सपोर्ट शिक्क्याशिवाय चालवू शकतो. 2017 मध्ये 3 न्यायाधीशांच्या पीठाने हेच म्हटले होते. त्यावर विमा कंपन्यांनी वाद उभा केला होता, तो या निकालाने मिटला. एकूण वजन म्हणजे गाडी आणि तिला मंजूर असलेला माल मिळून होणारे वजन. ते आरसी बुकात लिहिलेले असते. छोटा हत्ती, पिकअप, 407 या गाड्या या मर्यादेत बसतात. ई-रिक्षा आणि धोकादायक मालाची वाहने यांना ही सवलत नाही. रिक्षा-टॅक्सीच्या बॅजचा विषयही निराळा आहे.

म्हणजे जो व्यापारी आपले तागे पिकअपमध्ये टाकून बाजारात नेतो, सुताची पोती कारखान्यावर पोहोचवतो, त्याला ट्रान्सपोर्टच्या शिक्क्याची गरज उरलेली नाही. त्याने कारच्या लायसन्सची तारीख सांभाळावी म्हणजे झाले.

आता जड गाडीचे पाहू. येथे मात्र शिक्का लागतोच. तो हातचा गेला तर परत मिळवणे सोपे नाही. पूर्वी मुदत संपल्यावरही 30 दिवस लायसन्स चालू मानले जाई. 2019 च्या दुरुस्तीने ती सवलत काढून टाकली. आज मुदत संपली त्या दिवसापासून ट्रक चालवणे बेकायदा आहे. नूतनीकरणाचा अर्ज मुदतीच्या एक वर्ष आधीपासून करता येतो, तसाच मुदत संपल्यावर एक वर्षापर्यंत करता येतो. पण उशिरा केल्यास मधला काळ भरून निघत नाही. एक वर्षही उलटले तर पुन्हा चालवण्याची परीक्षा द्यावी लागते.

म्हणून माझा सल्ला माणसागणिक वेगळा आहे. तिशी-चाळिशीतला लूम कामगार, ज्याची मजुरी बाजाराच्या चढउतारावर हेलकावे खाते, त्याने जड गाडीचे लायसन्स कदापि सोडू नये. 2020 च्या टाळेबंदीत साचे उभे राहिले, तेव्हा मालाचे ट्रक मात्र रस्त्यावर होते. ज्याचे लायसन्स जिवंत होते त्याला रोजी शोधायला दार होते. मंदी आल्यावर परीक्षेच्या रांगेत उभे राहण्यापेक्षा आधीच तयार असणे शहाणपणाचे.

परंतु त्याला एक अट आहे. लायसन्स जिवंत ठेवायचे तर हातही जिवंत ठेवला पाहिजे. आपला कारागीर जाणतो की दोन वर्षे साच्यापासून दूर राहिलेल्या माणसाची गाठ मारण्याची सफाईसुद्धा जाते. मग दहा वर्षे ट्रकवर न बसलेला माणूस भरलेली गाडी कसारा घाटातून सुखरूप उतरवील हे कशाच्या भरवशावर मानायचे? वर्षातून चार-सहा वेळा ओळखीच्या ट्रान्सपोर्टवाल्याच्या गाडीवर, अनुभवी ड्रायव्हर शेजारी बसवून, ज्याने हात चालवला नाही त्याच्याजवळ नुसता कागद आहे, हुनर नाही. अडचणीच्या दिवसांत कागदावर भिस्त ठेवणारा स्वतःबरोबर रस्त्यावरच्या दुसऱ्यांचाही जीव धोक्यात घालतो.

आणखी एक गोष्ट स्पष्ट लिहिणे भाग आहे. अशा पडून असलेल्या लायसन्सचा आपल्याकडे गैरवापर होतो. गाडी चालवतो एक, अपघात झाला की कागदावर नाव येते दुसऱ्याचे, ज्याच्याजवळ लायसन्स आहे त्याचे. भाऊबंद किंवा शेजारी येऊन म्हणतात, "भाईजान, तुमचे लायसन्स आहे, तेवढे नाव देऊ द्या." मुरवतीपोटी माणूस हो म्हणतो. ही मदत नव्हे, ही खोटी साक्ष आहे. ज्याचा माणूस मेला किंवा अपंग झाला त्याचा हक्क तिने बुडतो आणि नाव देणारा स्वतः फौजदारी प्रकरणात अडकतो. ज्याला अशा वेळी नाही म्हणणे जमत नाही, त्याने न वापरलेले लायसन्स जवळ न ठेवलेलेच बरे.

गाडीमालक व्यापाऱ्यांनीही सावध राहावे. लायसन्स नसलेल्याच्या हाती गाडी दिल्यास मालकाला 3 महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी कायद्यात तरतूद आहे. त्याहून मोठा फटका विम्याचा. ड्रायव्हरचे लायसन्स वैध नसले तर पुष्कळदा न्यायालय विमा कंपनीला जखमींची भरपाई आधी द्यायला लावते आणि ती रक्कम मालकाकडून वसूल करण्याची मुभा देते. एका रात्रीच्या फेरीपायी साचे आणि घर दोन्ही विकण्याची वेळ येऊ शकते. ड्रायव्हर घरचा असला तरी त्याच्या कार्डावरची ट्रान्सपोर्टची तारीख स्वतःच्या डोळ्यांनी पाहावी.

माझ्यापुरते सांगायचे तर माझे ट्रान्सपोर्ट लायसन्स 1990 च्या दशकातले आहे. त्या वेळी ग्रे कापडाच्या गाठी प्रोसेसिंगसाठी राजस्थानात पाली-बालोतऱ्याकडे जात, आणि गरज पडली तर मी गाडीवर बसत असे. आता पन्नाशी मागे पडली, रात्री समोरच्या गाडीचा उजेड डोळ्यांना सोसत नाही आणि 15 वर्षांत जड गाडीला हात लागलेला नाही. पुढच्या 5 वर्षांत मी ट्रकवर बसेन काय, या प्रश्नाचे माझे उत्तर नाही असे आहे. म्हणून या खेपेस मी नूतनीकरण करणार नाही. पिकअप चालवण्यास कारचे लायसन्स पुरेसे आहे. माझ्या तरुण पुतण्याला मात्र मी त्याची तारीख वहीत लिहून ठेवायला लावली आहे.

व्यापारी बांधवांनी आज एवढे करावे : घरातील प्रत्येकाचे कार्ड काढून दोन्ही तारखा पाहाव्यात, गाडीचे वजन आरसी बुकात पाहावे, आणि मग हा एकच प्रश्न विचारावा की पुढच्या 5 वर्षांत जड गाडी खरोखर चालवायची आहे काय. उत्तर हो असेल तर मुदतीआधी अर्ज करावा आणि हात चालू ठेवावा. नाही असेल तर खुशाल सोडावे.