मोठे सिद्धान्त मोडीत काढण्यापूर्वी

आमच्या समाजशास्त्राच्या वर्गात ‘महाकथन’ हा शब्द हल्ली शिवीसारखा वापरला जातो. कोणी भांडवलशाहीचे नाव काढले, की दुसरा लगेच म्हणतो, ‘ती महाकथने संपली !’ आणि चर्चा तेथेच मिटते. ही सोय मला पटत नाही.

ज्यां-फ्रांस्वा ल्योतार या फ्रेंच तत्त्वज्ञाने १९७९ साली क्वेबेक सरकारच्या विद्यापीठ मंडळासाठी ज्ञानाच्या स्थितीवर एक अहवालवजा पुस्तक लिहिले. साऱ्या इतिहासाला प्रगतीच्या किंवा मुक्तीच्या एकाच दोरीत ओवणाऱ्या कथांवरचा विश्वास उडणे, हीच त्याच्या मते उत्तर-आधुनिकता. पण हा गृहस्थ १९५० च्या सुमारास अल्जीरियात शिक्षक होता आणि पुढे कित्येक वर्षे एका क्रांतिवादी डाव्या गटात राबला होता. त्याचा अविश्वास कमावलेला होता. आपण परीक्षेच्या आदल्या रात्री गाईडातून उचलतो, तो अविश्वास वेगळा.

दुसऱ्या बाजूला इमॅन्युएल वॉलरस्टीन. आफ्रिकेचा हा अभ्यासक १९७४ साली जागतिक व्यवस्थेवरील पहिला खंड घेऊन आला. सोळाव्या शतकात पोलंडचे धान्य ॲम्स्टरडॅमला जाऊ लागले आणि पोलंडचा शेतकरी वेठीला अधिक घट्ट बांधला गेला. केंद्राची भरभराट व परिघाची दैना ही एकाच व्यवहाराची दोन अंगे होत, असे तो सांगतो. तिसऱ्या खंडात (१९८९) हिंदुस्थानही या व्यवस्थेत कसा ओढला गेला, ते येते. यावर टीकाकार विचारतात, या नकाशात माणूस कोठे आहे ? परिघावरच्याने फक्त केंद्र हलले की हलायचे काय ?

आक्षेप खरा आहे. दख्खनच्या दंग्यांचेच पाहा. १८६१ साली अमेरिकेत यादवी पेटली, लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस अडला, मुंबईकडे पैशाचा पूर आला. १८६५ साली युद्ध संपले आणि भाव कोसळले. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या व कर्जरोखे जाळले. जागतिक व्यवस्थेचा भक्त येथे टाळी वाजवून मोकळा होईल. पण भाव पडल्यावर दहा वर्षांनी दंगा का ? कापसाचा मोठा मुलूख खानदेश-वऱ्हाडचा. दंगा पेटला तो प्रामुख्याने पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत. नील चार्ल्सवर्थ या इतिहासकाराने तर १९७२ साली दंग्यांची ही रूढ कथाच ‘मिथक’ ठरवली.

आणि शेतकऱ्यांनी माणसे न मारता कागद का जाळले ? याचे उत्तर लिव्हरपूलच्या बाजारभावात नाही. ते रोख्यात आहे. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने रोख्याचे आयुष्य तीन वर्षांवर आणले. हेतू कुळाचे रक्षण हा होता. झाले उलटेच. दर तीन वर्षांनी व्याज मुद्दलात मिळवून सावकार नवा रोखा करून घेई, आणि अंगठा देणाऱ्याला वाचता येत नसे. त्यात १८६७ पासून इंदापूर-भीमथडीकडे फेरआकारणी होऊन सारा वाढला. या लहान गोष्टी मोठ्या सिद्धान्ताच्या चाळणीतून खाली गळतात.

मात्र येथेच थांबून ‘स्थानिक कथन’ म्हणत समाधान मानणाऱ्यांना मी विचारतो, तो मुदतीचा कायदा कोणी केला ? सारा रोखीनेच का भरायचा ? रोख्याची एक गाठ सुप्याच्या सावकाराच्या पेटीत, तर दुसरी थेट विलायतेत. लहान कथा लहान राहायला तयार नाही, त्याला कोण काय करणार ?

महात्मा फुल्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. त्यात सावकार आहे, भटकामगार आहे, गोरे सरकार आहे आणि कारागिरांच्या पोटावर पाय देणारा विलायती मालही आहे. जात आणि जागतिक व्यापार एकाच पुस्तकात मांडायला त्यांना ना ल्योतारची परवानगी लागली, ना वॉलरस्टीनची.

आमच्या घरी कापूस पिकतो. वजनकाट्याशी उभा असलेला व्यापारी भाव पाडताना न्यूयॉर्कच्या वायदेबाजाराचे नाव घेतो. त्याला मी ‘महाकथने संपली’ म्हणून सांगू काय ? पुढील वर्षी आपल्या अभ्यासमंडळाने हा विषय चर्चेस घ्यावा, आणि वाचनाच्या यादीत ल्योतारशेजारी ‘असूड’ ठेवावा, अशी प्राध्यापकांना माझी विनंती आहे.