जॅनिस ठाऊक, विठाबाई नाही

जॅनिस जॉप्लिनचे टी-शर्ट घालून फिरणारी बरीच मंडळी माझ्या ओळखीत आहेत. १९६७ चं माँटेरे, २७ व्या वर्षी मृत्यू, नंतर आलेला 'पर्ल', सगळं तोंडपाठ. मलाही ती आवडते. पण "आपल्याकडे असं कुणी झालंच नाही रे" हे ऐकलं की डोकं फिरतं. बोलणारा सोलापूरकर असेल तर जरा जास्तच.

विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर आपल्याच जिल्ह्यातल्या. जन्म १९३५, पंढरपूर. वडील आणि चुलते, भाऊ-बापू, यांचा फड. पुढे त्यांच्या स्वतःच्या नावाचा फड. गाणं, नाच, वगातलं काम, आणि वर सगळ्या बिऱ्हाडाचा पगार. १९६२ च्या युद्धात सीमेवर जवानांपुढे खेळ केले. उघड्या मैदानावर शिट्ट्या मारणारी गर्दी आणि समोर मांग समाजातली एक बाई, जी कुणाची माफी मागत नाही. ह्यात इलेक्ट्रिक गिटार नाही म्हणून हे रॉक नाही? बरं, नका म्हणू. ढोलकीला फरक पडत नाही.

गिटारच हवी असेल तर सिस्टर रोझेटा थार्प घ्या. जॅनिसच्या कितीतरी आधी तिच्या हातात इलेक्ट्रिक गिटार होती. १९७३ ला गेली. तीसेक वर्षं थडग्यावर साधा दगड नव्हता. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये घेतली २०१८ साली! आपलं काय वेगळं? विठाबाईंना १९५७ आणि १९९० मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव, जानेवारी २००२ मध्ये हलाखीत मृत्यू, दवाखान्याचं बिल लोकांच्या मदतीतून. मग २००६ पासून त्यांच्या नावाने सरकारी जीवनगौरव पुरस्कार. सर्व्हर बंद पडल्यावर येणारा अलर्ट, दुसरं काय.

आता तो किस्सा. दिवस भरलेले असताना विठाबाई नाचत होत्या, कळा आल्या, मागे जाऊन बाळंत झाल्या, नाळ दगडाने ठेचून तोडली आणि परत बोर्डावर आल्या, असं सांगतात. आपण हे ऐकून "काय ती कलेवरची निष्ठा!" म्हणतो. मला ह्याची चीड येते. फड सुपारीवर चालतो. हंगाम दसऱ्यापासून वैशाखापर्यंत, त्यात खेळ मोडला की पैसे बुडाले, आणि त्या पैशांवर फडातली पन्नास पोटं. ह्याला निष्ठा म्हणणं प्रेक्षकांच्या सोयीचं आहे (तापात ऑफिसला आलेल्याचं कौतुक करणारे मॅनेजर आठवा). प्रसूती रजेचा कायदा १९६१ चा. २०१७ मध्ये १२ आठवड्यांचे २६ झाले. माझ्या टीममधल्या मुली ती रजा घेतात, घ्यायलाच हवी. सुपारीवर नाचणाऱ्या बाईने ती कुणाकडे मागायची?

विठाबाईंच्या कन्या मंगला बनसोडे यांनीही पुढे स्वतःचा फड चालवला. २०२० मध्ये लॉकडाऊन लागला तो ऐन गुढीपाडव्याच्या तोंडावर, म्हणजे जत्रांच्या सुपाऱ्या ठरतात त्याच वेळी. राहिलेला सगळा हंगाम गेला. आम्ही घरून काम करत होतो. पगार वेळेवर येत होता.