उघडिपीतला पूर

धो धो पाऊस कोसळत असताना फरशीवर गाडी घालणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. अशा वेळी भले भले घराच्या दारातून हलत नाहीत. आमच्या भागातला माणूस फसतो तो उघडीप पडल्यावर. ऊन पडते, गुरे बाहेर निघतात, दोरीवर कपडे वाळत पडतात आणि मग आपल्याला वाटते, आता कसली भीती?

तारळीकाठच्या आमच्या गावाहून उंब्रजला यायचे तर मध्ये नदी आडवी येते आणि नदीवर फरशी. पूल म्हणण्याजोगे तिथे काही नाही. पावसाळ्यात ती अधूनमधून पाण्याखाली जाते, हे आम्हांला लहानपणापासून ठाऊक. ठाऊक नव्हते ते एवढेच, की पाणी आपल्या डोक्यावरच्या ढगांना विचारून येत नाही. महाबळेश्वरला वर्षाला दोनशे इंचांच्या वर पाऊस पडतो. आपल्या वाट्याला त्याचा लहानसा हिस्सा येतो. तिकडचे पाणी धोम, कण्हेर, उरमोडी या धरणांत साठते, आमचे तारळीच्या धरणात. धरण भरत आले की दरवाजे उचलावेच लागतात. ते उचलतात तेव्हा उंब्रजच्या बाजारपेठेत लख्ख ऊन असू शकते. खाली कऱ्हाडला कोयनेचेही तेच. तिचे पाणी पाटणवरून प्रीतिसंगमावर येते, तेव्हा घाटावरच्या माणसाच्या छत्रीला घडी घातलेली असते.

गेल्या श्रावणातली गोष्ट सांगतो. माझी तोंडी परीक्षा दहा वाजता होती. वडापच्या जीपमध्ये आम्ही चौदा जण, दुधाचे कॅन वेगळेच. फरशीवर घोटाभर पाणी दिसत होते. तात्यांनी, म्हणजे आमच्या वडापवाल्यांनी, गाडी थांबवली. ते काही बोलायच्या आत मीच मागून म्हणालो, "तात्या, घाला की गाडी! घोटाभर तर पानी हाय." मग आणखी दोघे-तिघे बोलले. डेअरीची वेळ होती, कोणाची एस.टी. चुकत होती. तात्यांनी गाडी घातली.

मध्यावर गाडीचा मागचा भाग खालच्या अंगाला हातभर सरकला. कडेचे खुंट आदल्या वर्षीच्या पुरात गेलेले. एक कसाबसा उरला होता, त्याला चाक टेकले. पुढच्या सीटवर तान्हे मूल घेतलेली एक बाई होती. ती ओरडलीसुद्धा नाही. तात्यांनी इंजिन बंद पडू दिले नाही एवढेच, आणि गाडी वर चढली. पैलतीरी ते खाली उतरले, जमिनीवर बसले आणि बिडी पेटवू लागले. चार काड्या गेल्या तरी बिडी पेटेना. दुपारी मी परतलो तेव्हा फरशीचा मागमूस नव्हता. त्या तोंडीत मला वीसपैकी चौदा गुण पडले.

पुढे हे कोडे मी एका विज्ञान शाखेच्या मित्राला घातले. घोटाभर पाण्यात गाडी सरकते कशी? त्याने वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. लहान मोटार अकरा फूट लांब, पाच फूट रुंद धरा. पाण्याच्या एका घनफुटाचे वजन सुमारे २८ किलो. मोटारीच्या पोटापासून वर फूटभर पाणी चढले तर ते तिला दीड हजार किलोंच्या जोराने वर उचलू पाहते, आणि मोटारीचे स्वतःचे वजन त्याच्या निम्म्याच्या आसपास. म्हणजे गुडघ्याला पाणी लागण्याआधीच मोटार तरंगायला तयार! जीप जड, तिला जास्त पाणी लागते. पण तरंगायच्या आधीच चाकांवरचा भार हलका होतो आणि पकड सुटते. शिवाय पाण्याचा वेग दुप्पट झाला की रेटा चौपट होतो. आणि काठावरून घोटाभर दिसणारे पाणी मध्यावर किती असते, फरशीला कुठे भगदाड पडले आहे, हे गढूळ पाण्यात कोणाला दिसते? आर्किमिडीज आम्ही नववीत पाठ केला होता. तो फरशीवरही लागू पडतो, हे कोणी सांगितले नाही (आणि आम्ही विचारलेही नाही).

मोठ्या गाडीचा भरवसा धरणाऱ्यांनी २८ सप्टेंबर २०२१ आठवावा. यवतमाळ जिल्ह्यात उमरखेडजवळ दहागावच्या नाल्यावर पुलावरून पाणी वाहत असताना एस.टी.ची बस पुढे गेली आणि प्रवाशांसह वाहून गेली. महाडला २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा जुना पूलच पडला, दोन एस.टी. बस नदीत गेल्या. तिथे चालकांचा काय दोष? त्यांना पूल पडलेला दिसलाच नाही. पण ती सावित्री उगम पावते आपल्या कृष्णेच्या शेजारीच, महाबळेश्वरात.

माझा मावसभाऊ कॅनडात असतो. तिकडे हिवाळ्यात तळी गोठतात आणि लोक त्यांवरून मोटारी नेतात. बर्फ आठ ते बारा इंच जाड असेल तर मोटार पेलते म्हणे. पण दोनचार दिवस ऊब पडली की तोच बर्फ वरून तसाच दिसतो आणि आतून भुसभुशीत होतो. मग मोटार खाली जाते. थंडी कमी झाली म्हणून माणूस खुशीत बाहेर पडतो, आणि घात होतो तो नेमका त्या उबेने. मला वाटले, हा तर आमचाच श्रावण!

"शहाण्याने थांबावे" हे सांगणे सोपे आहे. दूधवाल्याचे दूध थांबत नाही, अडलेल्या बाळंतिणीची वेळ थांबत नाही, आणि लांबच्या रस्त्याला डिझेल लागते. उंच पूल हवाच, त्याला दुसरा तोडगा नाही. पण पूल होईपर्यंत निदान फरशीच्या दोन्ही तोंडांना साखळी आणि फूट रंगवलेला खांब उभारायला किती खर्च येतो? धरणाचा विसर्ग वाढल्याचा निरोप आता मोबाईलवर येतो, हे खरे; तो निरोप वाचून लोक पाणी बघायला फरशीवर जातात, हेही खरे.

प्राध्यापक महोदयांना एक विनंती. नदीपलीकडच्या मुलांची पुराच्या दिवशीची गैरहजेरी मांडू नये आणि तोंडी परीक्षा पुढे घ्यावी. त्या दिवशी तात्यांना घाई माझ्या दहाच्या ठोक्याने लावली. दोष मी त्या ठोक्यावर ढकलत नाही, तोंड माझेच होते. तरीही ही विनंती आहे.

यंदाच्या पावसाळ्यात फरशीवर पुन्हा पाणी आले. ऊन होते. तात्यांनी जीप फरशीच्या तोंडाशी आडवी लावली आणि किल्ली खिशात घातली. मागून आलेल्या मोटारसायकलवाल्याने त्यांना नको त्या शिव्या दिल्या. आम्ही देवळाच्या पायरीवर तीन तास बसून होतो. दुधाचे दोन कॅन नासले. त्याचे पैसे कोणी द्यायचे, यावरून भांडण अजून चालू आहे.