मोलॅसिसच्या टाकीत यीस्ट नेमकं कुणाचं?

ऊस काट्यावर गेला की आपण पावती खिशात घालतो आणि पुढं फक्त साखर उताऱ्याचे आकडे ऐकतो. मोलॅसिसकडं कुणी बघत नाही. (शेतात टाकतो ती प्रेसमडची मळी वेगळी, मोलॅसिस म्हणजे साखर काढल्यावर उरणारा काळा पाक.) टनाला साधारण 40 ते 45 किलो मोलॅसिस निघतं. शेवटच्या सी-हेवी मोलॅसिसच्या एका टनापासून सुमारे 220 लिटर अल्कोहोल मिळतं. हे काम यीस्ट करतं. पाव फुगवतं तीच जात, सॅकरोमायसिस सेरेव्हिसी.

मोलॅसिस काही पूर्ण निर्जंतुक करून वापरत नाहीत. त्यामुळं पाइपातून, हवेतून रानटी यीस्टही टाकीत शिरतं. साखर खातं, पण अल्कोहोल कमी देतं, नाहीतर नुसता फेस करतं. डिप्लोमाला असताना आम्ही सूक्ष्मदर्शकाखाली यीस्ट पाहायचो. सगळे ठिपके सारखेच! डोळ्यांनी वाण ओळखणं अशक्य.

ब्राझीलच्या डिस्टिलऱ्या हंगामाच्या सुरुवातीला पावाचं यीस्ट टाकत. 1990 च्या दशकात तिथल्या संशोधकांनी टाकीतल्या यीस्टची गुणसूत्रं वेगळी करून, पट्ट्यांवरून ओळख पटवली. तेव्हा कळलं की टाकलेलं यीस्ट काही आठवड्यांतच नाहीसं होतं आणि भलतंच यीस्ट टाकी बळकावतं. पण त्या घुसखोरांतलेच काही वाण चिवट आणि भरपूर अल्कोहोल देणारे निघाले. पीई-2 आणि कॅट-1 हे वाण तसेच टाक्यांतून निवडलेले. तपासणी नसती तर ते हाती लागलेच नसते.

या यीस्टची सगळी जनुकीय लिपी 1996 सालीच वाचून झाली. आता तपासणीत एक गोष्ट ध्यानात ठेवा. डीएनएचा आयटीएस नावाचा तुकडा वाचला की जात कळते, म्हणजे गाव कळलं. वाण कळायला डेल्टा किंवा मायक्रोसॅटेलाइट खुणा तपासाव्या लागतात. तो झाला गट नंबर. नुसत्या गावावरून सातबारा निघत नाही, तसंच हे. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे, तिथं यीस्टचे वाण जपून ठेवलेले असतात. मूळ वाणाचा नमुना जपून ठेवायचा आणि हंगामाच्या सुरुवातीला, मध्ये, शेवटी टाकीतला नमुना त्याच्याशी ताडून पाहायचा, एवढंच काम.

दोष दरवेळी यीस्टचाच असतो असं नाही. आपल्याकडं एप्रिलमध्ये पारा चाळिशी गाठतो. टाकी 35 अंशांच्या वर गेली तर चांगलं यीस्टही थकतं. बॅक्टेरियाही साखर खातात. आधी थंड पाण्याची व्यवस्था बघावी, मग डीएनए.

तरी हिशेब मांडा. रोज 30 हजार लिटरच्या डिस्टिलरीत एक टक्का घट म्हणजे दिवसाला 300 लिटर. लातूरला 2016 साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. लातूर-नांदेडच्या अशा पाण्यावर वाढलेल्या उसाचं मोलॅसिस वाया घालवणं परवडत नाही.

सप्टेंबरच्या सर्वसाधारण सभेत सभासदांनी दोन गोष्टी विचाराव्यात. टाकीत कोणता वाण आहे आणि तो शेवटचा कधी तपासला? दुसरी जरा अवघड. 2012 च्या रंगराजन समितीच्या 70 टक्क्यांच्या सूत्रात साखर, मोलॅसिस, बगॅस, प्रेसमड धरले आहेत. मोलॅसिसपासून केलेल्या अल्कोहोलचा नफा त्यात नाही. मग वाचलेल्या 300 लिटरमधलं आपल्या उसाला काय मिळणार?